दात भरला, कीड राहिली

एकदा दात भरून घेतला की त्या दाताचे प्रकरण निकालात निघाले, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. पूर्वी दातात चांदी भरली जाई, हल्ली दाताच्याच रंगाचे सिमेंट भरले जाते. पैसे दिले, घरी आलो, आता त्या दाढेकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरले नाही, असा हा हिशेब. काही वर्षांनी तीच दाढ पुन्हा ठणकू लागते. फिलिंगच्या कडेने आत कीड शिरली आहे, असे दंतवैद्य सांगतात, आणि मग राग निघतो तो एक तर पहिल्या दंतवैद्यावर, नाही तर स्वतःच्या नशिबावर. वस्तुतः बहुतेक वेळा या दोहोंपैकी कोणीही मुख्य आरोपी नसतो. दोष आहे तो ‘दात भरणे म्हणजे कीड बरी करणे’ या समजुतीचा, आणि त्या समजुतीवर उभ्या असलेल्या आपल्या खर्चाच्या पद्धतीचा.

ही गोष्ट अपवादात्मक असती तर तिच्यासाठी वर्तमानपत्रातील जागा अडविण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु इव्हार म्योर या नॉर्वेजियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निरनिराळ्या देशांतील दंतवैद्यांना एक साधा प्रश्न विचारला होता : जुने फिलिंग तुम्ही कोणत्या कारणासाठी काढून टाकता? उत्तरांत पहिले स्थान पुन्हा पुन्हा एकाच कारणाने पटकावले, ते म्हणजे फिलिंगच्या कडेची कीड. प्रौढ माणसांचे दात भरण्याच्या कामात नव्या खड्ड्यांपेक्षा जुनी फिलिंगे काढून पुन्हा भरण्याचाच वाटा फार मोठा असतो, पुष्कळदा तो निम्म्यावरही जातो, असेही अशा पाहण्यांतून दिसून आले. ज्या धंद्यात निम्मे काम आधीच केलेल्या कामाच्या दुरुस्तीचे असते, त्या धंद्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने कुतूहलाने पाहिले तर ते वावगे ठरू नये.

जमाखर्च तोच

‘कीड’ हा शब्दच मुळात फसवा आहे. दातात कोणताही किडा नसतो. तोंडात कायमची वस्ती करून असणारे काही जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेचे आम्लात रूपांतर करतात. १९२४ साली क्लार्क यांनी वर्णन केलेला स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध जिवाणू. दातांवरील चिकट थराचा पीएच सुमारे ५.५ च्या खाली उतरला की एनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. काही वेळाने लाळ ते आम्ल निष्प्रभ करते आणि गेलेल्या क्षारांपैकी काही दातात परत येऊन बसतात. फ्लोराइडचा सहवास असेल तर हे परत बसणे अधिक चांगले होते. असा हा दिवसभर चालणारा जमाखर्च आहे. खर्चाची बाजू सातत्याने वरचढ ठरली म्हणजे खड्डा पडतो.

दंतवैद्य खड्डा भरतो. परंतु जमाखर्च जसाच्या तसा राहतो. तेच जिवाणू, तीच साखर, तोच घाईघाईने फिरवलेला ब्रश. त्यात भर म्हणजे फिलिंग आणि दात यांच्यामध्ये आता एक नवी सांधरेषा निर्माण झालेली असते. विशेषतः दोन दाढांच्या मध्ये, हिरडीलगत, जेथे ब्रशचे केस पोचत नाहीत, तेथे ही सांधरेषा कितीही कुशलतेने घडवली तरी चिकट थराला आसरा देते. भरलेल्या दाताला बहुधा याच जागी पुन्हा कीड लागते. तिला ‘दुय्यम कीड’ असे नाव असले तरी तो काही निराळा रोग नव्हे. पहिलाच रोग, नव्या पत्त्यावर राहावयास गेलेला, इतकाच काय तो फरक.

भरावयाच्या पदार्थाला काहीच महत्त्व नाही, असे मात्र नाही. पूर्वीची ‘चांदी’ म्हणजे अमाल्गम. त्यात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असतो आणि बाकी चांदी, कथिल, तांबे. काळाच्या ओघात तिच्यावर चढणारा गंज सांधरेषेतील फट काही अंशी बुजवीत असे. आजचे दाताच्या रंगाचे काँपोझिट दिसावयास सुरेख, पण प्रकाशाच्या साह्याने घट्ट होताना ते किंचित आक्रसते, आणि भरताना लाळेचा ओलावा लागला तर त्याची पकड कच्ची राहते. लिस्बनमध्ये ८ ते १२ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका प्रदीर्घ चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. काँपोझिट भरलेल्या दातांत पुन्हा कीड लागण्याचा धोका अमाल्गमच्या सुमारे साडेतीन पट आढळला. पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालणारा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर काही वैद्यकीय अपवाद सोडून बंद केला. पर्यावरणाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु जे साहित्य निष्काळजीपणा कमी खपवून घेते, ते सर्वत्र रूढ होत असताना रोगाच्या मुळाकडे दुर्लक्ष करणे पूर्वीपेक्षा अधिक महाग पडणार, हे ध्यानात घ्यावयास हवे.

या महागाईचे स्वरूप रिचर्ड एल्डरटन या ब्रिटिश दंतवैद्याने १९८० च्या दशकात नेमके दाखवून दिले. जुने फिलिंग काढताना त्याच्याबरोबर थोडा निरोगी दातही कोरला जातो. म्हणून दर खेपेस खड्डा आधीपेक्षा मोठा होतो. लहान फिलिंगचे मोठे होते, मोठ्याचे रूट कॅनाल होते, रूट कॅनालवर कॅप बसते आणि अखेरीस दात काढावा लागतो. समजा, अठराव्या वर्षी भरलेली दाढ दर दहा वर्षांनी पुन्हा भरावी लागली. साठीला पोचेपर्यंत ती चार वेळा उकरली जाईल. चार वेळा उकरलेल्या दाढेत तिची स्वतःची अशी भिंत कितीशी शिल्लक राहणार? आणि प्रत्येक पायरीचा दर मागील पायरीहून चढा असतो, हे मध्यमवर्गीय कुटुंबाला निराळे सांगावयास नको.

दुरुस्तीला दाम, राखणीला नाही

मग हे सारे ठाऊक असूनही चक्र थांबत का नाही? याचे उत्तर वैद्यकात कमी आणि अर्थशास्त्रात अधिक आहे. वैद्यकीय सेवेचा बाजार भाजीच्या बाजारासारखा नसतो, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ साली दाखवून दिले. भेंडी निबर आहे की कोवळी, हे गिऱ्हाईक मोडून पाहू शकते. दात भरणे खरोखर आवश्यक होते काय आणि ते काम नीट झाले काय, हे दोन्ही प्रश्न रुग्णाला कामाच्या आधी सोडवता येत नाहीत आणि पुष्कळदा नंतरही नाहीत. विकणाराच येथे सल्लागार असतो. अशा व्यवहारात मोबदला ज्या गोष्टीला मिळतो ती गोष्ट वाढत जाते. त्यासाठी कोणी लबाड असण्याची गरज नसते. फिलिंगला दाम आहे, कॅपला त्याहून अधिक आहे. पण अर्धा तास खर्च करून, कीड का लागते आणि ब्रश हिरडीशी कसा धरावा हे समजावून सांगणाऱ्या दंतवैद्याला आपण काय देतो? ‘नुसते बोलण्याचे कसले पैसे?’ असे म्हणणारे आपणच असतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही हाच विपर्यास आहे. पुन्हा भरलेली प्रत्येक दाढ देशाच्या उत्पन्नात भर घालते; न किडलेल्या दाढेची नोंद कोठेच होत नाही.

ब्रिटनचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. जुलै १९४८ मध्ये तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा दंतवैद्यांना प्रत्येक कामागणिक मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली गेली. सेवा मोफत होती आणि गरज अफाट होती. दात काढण्याऐवजी भरण्याची सवय लागली, हे त्या सेवेचे मोठेच यश. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. पुढील दशकांत हे प्रमाण झपाट्याने उतरले. परंतु फिलिंगांची संख्या इतकी वाढली की अनावश्यक दंतोपचारांची चौकशी करण्यासाठी सरकारला समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९८६ साली आला आणि असे उपचार दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत, असा निर्वाळा तिने दिला. २००९ साली प्राध्यापक स्टील यांच्या अहवालाने मध्यमवयीन इंग्रजांच्या एका सबंध पिढीचे वर्णन ‘भारी धातूंची पिढी’ असे केले. तारुण्यात भरलेल्या त्यांच्या दातांची डागडुजी जन्मभर करीत राहणे हाच त्या सेवेवरील एक मोठा बोजा होऊन बसला होता. दुरुस्तीचे कर्ज असे पिढीच्या डोक्यावर बसते.

कार्लस्टाडचा धडा

याहून निराळा मार्ग व्यवहारात उतरू शकतो काय? तो उतरल्याचा पुरावा स्वीडनमधील कार्लस्टाड या गावाने दिला आहे. पेर ॲक्सेलसन आणि यान लिंडे यांनी तेथे १९७१-७२ मध्ये साडेपाचशेवर प्रौढ व्यक्ती निवडल्या. ३७५ जणांना आरंभी दर दोन महिन्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी बोलावून दात स्वच्छ करून दिले, स्वतः स्वच्छता कशी राखावी हे शिकवले आणि फ्लोराइडची जोड दिली. उरलेल्या १८० जणांना नेहमीप्रमाणे वर्षातून एकदा तपासून, आढळलेली कीड भरून दिली. सहा वर्षांनी पहिल्या गटात नवी कीड जवळजवळ नाहीशी झाली होती. दुसऱ्या गटात मात्र नवे खड्डे पडले होतेच, आणि भरलेल्या दातांच्या कडेनेही कीड परतली होती. दोन्ही गटांत कुशल दंतवैद्य होते, दोन्ही गटांत फिलिंगे उत्तम होती. फरक होता तो रोगाकडे पाहण्याचा. पहिल्या गटातील जे २५७ जण तीस वर्षांपर्यंत निरीक्षणाखाली राहिले, त्यांच्यात या प्रदीर्घ काळात कीड लागलेल्या नव्या जागांची सरासरी माणशी दोनच्या आसपास किंवा त्याहून कमी भरली. त्या थोड्या जागांपैकीही सुमारे ८० टक्के जागा जुन्या फिलिंगच्या कडेच्याच होत्या, हा तपशील अतिशय बोलका आहे. दात एकदा भरला की तो उत्तम राखणीतही दुबळा दुवाच ठरतो. म्हणून पहिले फिलिंग टाळणे हाच दुसरे टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

आपल्याकडील चित्र

स्वीडनची उदाहरणे भारताला काय कामाची, असा आक्षेप येईल. आमच्या खेड्यात पहिलेच फिलिंग मिळण्याची पंचाईत, तेथे दुसऱ्याची चिंता कशाला? आक्षेप रास्त आहे. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते आणि त्यांतील बहुतेक दातांना उपचार म्हणून लाभलेले नव्हते. देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये असूनही दवाखान्यांची दाटी शहरांतच आहे. परंतु या आक्षेपातून निष्कर्ष मात्र उलटा निघतो. ज्या समाजाला पहिले फिलिंगही परवडत नाही, त्याला दर काही वर्षांनी ते बदलत राहणे कसे परवडेल? श्रीमंत देशांनी आधी भरले, मग पस्तावून राखणीकडे वळले. आपल्याला तो वळसा टाळता येण्याजोगा आहे.

आज मात्र आपली सारी व्यवस्था ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ अशा थाटाची आहे. आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसींत अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नाही. त्यामुळे नोकरदार माणूस दुखेपर्यंत थांबतो, आणि दुखू लागेपर्यंत कीड मज्जेपर्यंत पोचलेली असते. टूथपेस्टवर २०१७ पासून १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. हे पाऊल उशिराचे खरे, पण स्वागतार्ह. जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला, हे लक्षात घेता ती चैनीची वस्तू नव्हे, हे आपल्या करखात्याला उमगावयास आठ वर्षे लागली, असेच म्हणावे लागेल. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड घालण्याचा पाश्चात्त्य उपाय आपल्याला सरसकट लागू पडणारा नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडील काही गावांत भूजलातील फ्लोराइडच अतिरेकी आहे. म्हणूनच टूथपेस्टचा मार्ग अधिक शहाणपणाचा. लहान मुलांना मात्र ती दाण्याएवढीच द्यावी.

राहता राहिली साखर. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला, त्या महाराष्ट्रात साखरेविरुद्ध बोलणे सोपे नाही; आणि तशी गरजही नाही. साखर किती खाल्ली याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४० च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना चिकट गोळ्या खाऊ घालून हे सिद्ध केले गेले. तो प्रयोग नीतीच्या कसोटीवर आज क्षणभरही टिकणार नाही, पण त्याचा निष्कर्ष टिकला आहे. जेवणाबरोबर खाल्लेली पुरणपोळी दातांचे जितके बिघडवत नाही, तितके कचेरीत दिवसभर घोट घोट घेतलेले गोड चहाचे पाच कप आणि त्यांबरोबरची बिस्किटे बिघडवतात. लाळेला आपले काम करावयास उसंतच मिळत नाही.

काय करता येईल

उपाय महागडे नाहीत, हीच या प्रश्नातील दिलाशाची बाब. पहिली गोष्ट शाळांची. मधल्या सुट्टीतील भोजनानंतर शिक्षकांच्या देखरेखीखाली फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे हा पाच मिनिटांचा कार्यक्रम आहे. त्याला इमारत लागत नाही, यंत्रसामग्री लागत नाही. नळ, ब्रश आणि शिस्त एवढेच लागते. ज्या मुलांना कीड लागलीच आहे त्यांच्यासाठी, विजेवर चालणाऱ्या यंत्राविना, केवळ हातातील अवजारांनी मऊ झालेला भाग खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात विकसित झाली. ते सिमेंट फ्लोराइड सोडत राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही पद्धत रुजवणे अवघड नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून अस्तित्वात आहे. त्याची झेप किती दात भरले या आकड्यावरून न मोजता किती दात भरावे लागले नाहीत यावरून मोजली जावी.

दुसरी गोष्ट विमा कंपन्यांची आणि नोकरवर्गाच्या संघटनांची. महागाई भत्त्याइतक्याच हिरिरीने संघटनांनी वर्षातून एका दंततपासणीचा आणि सफाईचा खर्च मागावा. आज वाचवलेला हा खर्च उद्या कॅप आणि कवळीच्या रूपाने सव्याज वसूल होतो.

तिसरी गोष्ट तुमची-आमची. जुने फिलिंग बदलावे, असा सल्ला मिळाल्यास तीन प्रश्न अदबीने विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. येथे चालू कीड खरोखर आहे, की केवळ कडेचा रंग पालटला आहे? कडेचे काळेपण म्हणजे आत कीड असेलच असे नाही, हे लंडनच्या एडविना किड यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. सगळे फिलिंग काढण्याऐवजी बिघडलेला भागच दुरुस्त करता येईल काय? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : मला पुन्हा कीड का लागली? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेळ काढून जो देईल, तो दंतवैद्य आपला हितचिंतक समजावा, आणि त्याने त्या सल्ल्याचे पैसे मागितले तर ते खळखळ न करता द्यावेत. कारण त्याच्या दवाखान्यात आपण देत असलेल्या पैशांपैकी तेवढेच पैसे रोगावर खर्च झालेले असतात. बाकीचे सारे खड्ड्यात जातात.